दलाली पदरात, जबाबदारी वाऱ्यावर

आमच्या वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणाऱ्या पहारेकऱ्याला गेल्या वर्षी भुवईवर पोलादी छर्रा लागला. बोटभर खाली लागता तर डोळा गेला असता. छर्रा झाडणारा मुलगा चौदा वर्षांचा. आईच्या मोबाइलवरून त्याने पिस्तूल मागविले होते. दिसावयास थेट पोलिसाच्या कमरेला असते तसे. पावतीवर 'खेळणे' असा शब्द होता. ज्या तरुणाने खोके दारात आणून दिले त्याला आत काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि घेणाऱ्याचे वय विचारावे असे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. मुलाच्या वडिलांनी औषधपाण्याचे पैसे दिले, प्रकरण मिटले. पहारेकऱ्याची तीन रात्रींची मजुरी मात्र बुडाली. या साऱ्या व्यवहारात दोन श्रमिक होते. एकाने खोके वाहिले, दुसऱ्याने छर्रा सोसला. मधल्यामध्ये ज्याने आपली दलाली कापून घेतली, तो कोठेच दिसला नाही.

हा प्रश्न केवळ एका खोडकर मुलाचा असता तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. प्रश्न कायद्याच्या समानतेचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली दुकान चालविणाऱ्या विक्रेत्याला परवाना काढावा लागतो, नोंदवह्या ठेवाव्या लागतात, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे त्या मांडाव्या लागतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकांचीही दखल घेतली. २० ज्यूलपेक्षा अधिक शक्तीची किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीची एअरगन बाळगावयाची तर परवाना हवा. त्याखालील बंदुकीला खरेदीदाराचा परवाना लागत नाही. परंतु परवाना नको म्हणजे ती वस्तू निरुपद्रवी, असा अर्थ कोणी काढू नये. या मर्यादेतला छर्रा पाखरू मारतो आणि माणसाचा डोळा फोडतो. म्हणूनच ती कोणाच्या हाती जाते हे पाहणारा एक डोळस माणूस विक्रीच्या ठिकाणी असणे अगत्याचे ठरते. ऑनलाइन बाजारपेठेने नेमका हाच माणूस व्यवहारातून काढून टाकला आहे.

याविषयी विचारले की या कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते: आम्ही विक्रेते नव्हे, मध्यस्थ आहोत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चा आडोसा त्या घेतात. इतरांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला, काही अटींवर, दायित्वातून सूट देणारे हे कलम आहे. परकीय भांडवलाच्या धोरणानेही या मखलाशीला बळ दिले. बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीत शंभर टक्के परकीय गुंतवणूक चालते, मात्र स्वतःच्या मालकीचा माल साठवून थेट ग्राहकाला विकण्यास तिला मुभा नाही. तेव्हा 'माल आमचा नाही' हे म्हणणे कंपनीच्या सोयीचेच आहे. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एक साधा प्रश्न विचारतो. कोणती वस्तू आधी दिसावी हे जी ठरविते, पैसे जिच्या खात्यातून फिरतात, अनेकदा माल जिच्या गोदामातून निघतो आणि प्रत्येक विक्रीवर जी आपला हिस्सा कापून घेते, ती जर विक्रीत सहभागी नसेल तर तो हिस्सा कशाचा? फुकटच्या उपस्थितीला कोणी दलाली देत नाही.

याचा कटू अनुभव देशाने घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. खरेदीदाराची ओळख पाहा, नोंद ठेवा, अठरा वर्षांखालील व्यक्तीस विकू नका, असे दुकानदारांना बजावले. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत एका शाळकरी मुलीवर आम्ल फेकले गेले. ते ऑनलाइन मागविलेले होते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दोन कंपन्यांना नोटिसा काढल्या. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला नऊ वर्षांपूर्वी लागू झालेला दंडक बड्या बाजारपेठेच्या दाराशी पोहोचावयास एका मुलीचा चेहरा जळावा लागला. बंदुकीच्या बाबतीतही आपण अशाच एखाद्या दिवसाची वाट पाहणार काय?

उपाय अवघड नाही. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने ठरविले की व्यापारी म्हणून एअरगन विकणाऱ्याने ती खरेदीदाराच्या हाती समक्षच दिली पाहिजे. मागणी दुरून नोंदवता येते. माल दुसऱ्या गावच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडे पाठविता येतो. पण अखेरीस माणसाने माणसाला पाहूनच तो द्यावयाचा. खऱ्या बंदुकीसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या प्रतिकृतींच्या विक्रीवरही त्याच कायद्याने बंदी आली. नाटक, चित्रपट, संग्रहालये यांना सवलत राहिली. स्कॉटलंडने त्यापुढे जाऊन २०१६ च्या अखेरीपासून एअरगनसाठी प्रमाणपत्र सक्तीचे केले. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी नोव्हेंबर २०१४ मध्ये नकली पिस्तूल हाती असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला पोलिसाने गोळी घातली. तो मुलगा कृष्णवर्णीय होता, हे मुद्दाम सांगावयास हवे. हुबेहूब प्रतिकृतीची किंमत कोणाची मुले मोजतात, हे त्यावरून ध्यानी येते.

यावर नेमबाजीचे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळविले ते दहा मीटर एअर रायफलमध्येच. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज दिल्या. पण खेळाडू प्रशिक्षकाच्या नजरेखाली घडतो. परवानाधारक दुकानातून ओळखपत्र दाखवून रायफल घेण्याने त्याचा नेम चुकत नाही. बंदी नको, निनावीपणा नको, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ पासून वन्यजीवांच्या रक्षणासाठी एअरगन स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. डोंगरातल्या गावकऱ्यांनी पिढीजात शिकारीची सवय सोडून हातातली वस्तू समाजाच्या स्वाधीन केली. गरिबाने बंदूक ठेवावी आणि श्रीमंत कंपनीने नफाही सोडू नये, हा कोठला न्याय?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एअरगन घरपोच देणे बंद व्हावे. ती परवानाधारक दुकानातच, ओळख पटवून द्यावी. हुबेहूब प्रतिकृती 'खेळणे' म्हणून विकण्यास मनाई असावी. जी कंपनी दलाली घेईल ती दायित्वातही भागीदार धरावी. आणि चौथी मागणी सर्वांत महत्त्वाची: वय तपासण्याचे ओझे व चुकीचा दंड खोके वाहणाऱ्या मजुराच्या माथी मारता कामा नये. तसे झाल्यास कायदा कडक झाल्याचे समाधान मिळेल आणि शिक्षा पुन्हा श्रमिकालाच होईल. पक्षकार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात ग्राहक पंचायती, पहारेकऱ्यांच्या संघटना आणि माल पोहोचविणाऱ्या कामगारांना एकत्र आणून हा प्रश्न लावून धरावा. आमचा पहारेकरी आजही फाटकावर उभा आहे. भुवईवरचा व्रण तो टोपीने झाकतो. व्यवस्थेने आपला व्रण झाकण्यासाठी 'मध्यस्थ' हा शब्द शोधला आहे. ती टोपी उतरविण्याचे काम आपले आहे.