गुडघ्याला वेळ द्या, मुलीला खेळू द्या

खेळताना मुलीच्या गुडघ्याला इजा झाली, की आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात. घरची मंडळी म्हणतात, "पुरे झाला खेळ, उद्या लग्नात अडचण येईल." प्रशिक्षक म्हणतात, "सूज उतरली ना? मग पुढच्या सामन्याला ये." माझ्या मते हे दोन्ही सल्ले घाईचे आहेत आणि दोन्हींत नुकसान होते ते मुलीचेच.

या संदर्भात अमेरिकेतील पेज बेकर्स हिचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात पहिल्याच वर्षी, २०२१ मध्ये, ती देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडू ठरली. त्याच वर्षी डिसेंबरात तिच्या डाव्या गुडघ्याजवळचे हाड मोडले व आतील गादी फाटली. त्यातून ती सावरली, तोच ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. पुढचा संपूर्ण हंगाम तिला बाहेर बसावे लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती मैदानात परतली. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले आणि त्याच महिन्यात व्यावसायिक संघांच्या निवडीत तिला पहिला क्रमांक मिळाला.

मात्र प्रत्येकीची कथा अशी गोड संपत नाही. याच विद्यापीठाची शे राल्फ ही २००० सालच्या अंतिम स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू. गुडघ्यातील हाच अस्थिबंध तिच्या बाबतीत पाच वेळा तुटला. व्यावसायिक संघाने निवड करूनही तिला तेथे एकही सामना खेळता आला नाही. पुढे ती नावाजलेली प्रशिक्षक झाली.

हा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, गुडघ्याच्या मधोमध असतो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे व गुडघा पिळला जाऊ न देणे हे त्याचे काम. तो बहुधा धक्क्याने तुटत नाही. उडीवरून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना तुटतो. अशा खेळांत मुलींना हा धोका मुलांपेक्षा दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो. उतरताना गुडघे आत वळणे हे त्याचे एक कारण आहे. कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या आपल्या मुलीही याला अपवाद नाहीत.

इजेच्या वेळी "कट्" असा आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला आणि पुढे चालताना तो निसटल्यासारखा वाटू लागला, तर मालिश करून घेत बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सूज उतरली म्हणजे अस्थिबंध जुळला असे नव्हे. शस्त्रक्रियेत बसवलेला नवा बंधही पक्का होण्यास अनेक महिने लागतात. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबवावे, तितकी दर महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याची शक्यता जवळजवळ निम्म्याने घटते. नऊ महिने झाले तरी दोन्ही पायांची ताकद व उडी तपासूनच परवानगी द्यावी.

इजा होऊच नये यासाठी सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे तोल सांभाळण्याचे, मांडीच्या स्नायूंचे व गुडघे वाकवून अलगद उतरण्याचे व्यायाम करावेत. त्यांना पैसा लागत नाही, फक्त नियमितपणा लागतो. क्रीडाशिक्षकांनी हे मनावर घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. मुलाचा गुडघा दुखावला तर आपण विचारतो, "पुन्हा कधी खेळणार?" मुलीच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच असावा. त्याचे उत्तर मात्र डॉक्टरांकडून घ्यावे, शेजाऱ्यांकडून नव्हे आणि स्पर्धेच्या तारखेवरूनही नव्हे.