स्टार पाच, तक्रारी किती?

"नवी एसयूव्ही, पाच स्टार आहे राव!" ऐकून ऐकून कान किटले. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, उत्तमच. पण तिथे मुख्यतः बघतात काय? ताशी ६४ किमीने समोरून आदळल्यावर किंवा बाजूने ठोकर बसल्यावर आतला माणूस किती वाचतो. चालत्या गाडीत स्क्रीन बंद पडतो का, वर्षभराने ब्रेक दगा देतात का, हे त्या स्टारमध्ये नसतंच. आपल्या भाषेत, टेस्टिंग पास झालं, प्रॉडक्शनमधल्या बग्जचं काय? ते बिचारे मालक शोधतात आणि सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "अपडेट येईल, साहेब." एप्रिल २०२१ पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. मग मॉडेलवार तक्रारींचे आकडे स्टारच्या शेजारीच छापा की! पंधरा-वीस लाख मोजणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.