जबड्याचे अस्थिभंग आणि संगणकावरील पूर्वनियोजन

निपाणी, संकेश्वर, बेळगाव हा आपला पट्टा पुणे-बंगळूर महामार्गावर वसलेला आहे. या मार्गावरील वाहनांचा वेग आणि उसाच्या हंगामात रात्री बिनदिव्यांच्या धावणाऱ्या ट्रॉल्या यांमुळे चेहऱ्याच्या दुखापती आपणा डॉक्टरांना नवीन नाहीत. दुचाकीवरून हनुवटीवर आपटलेल्या माणसाचा खालचा जबडा अनेकदा मध्यभागी मोडतो आणि त्याच आघाताने कानाजवळील सांध्याचे हाडही तुटते. घरच्यांना बाहेरून केवळ सूज दिसते. खरा प्रश्न असतो तो हा की, या माणसाला पुन्हा भाकरी चावता येईल काय?

पूर्वी वरचे व खालचे दात तारेने बांधून तोंड चार ते सहा आठवडे बंद ठेवीत. १९७० च्या दशकात फ्रान्समधील मिशेले व शाँपी यांच्या कार्यामुळे लहान प्लेटा व स्क्रू वापरण्याची पद्धत रुजली आणि रुग्णाची त्या बंधनातून बरीच सुटका झाली. परंतु प्लेट किंचित चुकीची वाकवली गेली, तर समोरून हाड जुळलेले दिसते, जिभेकडील बाजूस मात्र फट राहते. चेहरा रुंदावतो आणि दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत.

येथे संगणकावरील पूर्वनियोजनाचा, म्हणजेच व्हर्च्युअल सर्जिकल प्लॅनिंगचा, उपयोग होतो. सीटी स्कॅनच्या पातळ छेदांवरून जबड्याची त्रिमित प्रतिमा तयार करतात. मोडलेले तुकडे पडद्यावर एकेक सुटे करून जागी बसवितात, गरज पडल्यास निरोगी बाजूचे प्रतिबिंब आधारास घेतात. धातूच्या दंतभरणामुळे सीटीत दात अस्पष्ट येतात, म्हणून दातांच्या ठशांचे स्कॅन त्यात जोडतात. मग जुळविलेल्या जबड्याची प्रतिकृती छापून प्लेट तिच्यावर आधीच वाकवून निर्जंतुक करून ठेवता येते. भुलीखाली रुग्ण असताना प्लेट वाकविण्यात जाणारा वेळ वाचतो.

तरीही हे तंत्र प्रत्येक रुग्णाच्या माथी मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याचे दात शाबूत आहेत आणि हाड एकाच ठिकाणी साधे मोडले आहे, त्याला त्याचे दातच सर्वांत विश्वासार्ह आराखडा पुरवितात. त्याच्या बिलात प्रतिकृतीचा खर्च का वाढवावा? याउलट हाडाचा चुरा झालेला असेल, अस्थिभंग जुना होऊन वाकडा जुळला असेल, किंवा दातच उरले नसतील, तर अंदाजावर विसंबणे योग्य नव्हे. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत हिरड्यांच्या विकाराने दात गमावलेली माणसे कमी नाहीत. त्यांच्या जबड्याला वाट दाखविणारे दात राहिलेले नसतात.

दुसरी मर्यादा वेळेची. श्वासमार्ग, रक्तस्राव व मेंदूची इजा यांकडे प्रथम पाहावे लागते. त्यासाठी कोणताही संगणक थांबत नाही. शिवाय प्रतिकृती दूरच्या शहरातून मागविण्यात बरेच दिवस गेले, तर नियोजनाचा लाभच उरत नाही. म्हणून ही सोय जवळ हवी. बेळगावात के.एल.ई.चे दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे, मराठा मंडळाचेही आहे. अशा संस्था आणि आपली डॉक्टर मंडळी यांनी मिळून एक सामाईक नियोजन केंद्र चालवावे. निपाणीच्या छोट्या रुग्णालयातून स्कॅन तेथे पाठवावा, आराखडा व प्रतिकृती परत यावी. प्रत्येक रुग्णालयाने स्वतंत्र यंत्र घेण्याचे कारण नाही.

समाजबांधवांना एक विनंती. पूर्ण चेहरा झाकणारे, हनुवटीपर्यंत येणारे हेल्मेट वापरा आणि त्याचा पट्टा बांधा. डोक्यावर नुसती टोपीसारखी ठेवलेली शिरस्त्राणे जबडा वाचवीत नाहीत. आणि अपघातानंतर दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर सूज उतरण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.