पुरंदरची ‘संमती’

पुरंदरच्या विमानतळासाठी बहुसंख्य शेतकऱ्यांनी २०२५ साली संमतिपत्रे दिली, तेव्हा विरोध संपला, असे सत्ताधारी सांगतात. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याला हा युक्तिवाद पचत नाही. विकणाऱ्यास नकार देण्याची मुभा असेल तरच सौद्याला सौदा म्हणावे. पारगाव, खानवडी, कुंभारवळण आदी सात गावांना ती कधी होती? २०१६ पासून ही गावे विरोध करीत आली. ग्रामसभांचे ठराव झाले. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोनची पाहणी अडविणाऱ्या ग्रामस्थांची पोलिसांशी झटापट झाली. संमतीचे अर्ज त्यानंतरचे. ‘नाही’ म्हणणाऱ्याचीही जमीन जाणारच असेल, तर ‘हो’ला मोल ते काय?

भूसंपादनासाठी हत्यार उपसले ते १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याचे. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने सामाजिक परिणामांची तपासणी बंधनकारक केली होती. राज्याने २०१८ साली दुरुस्ती करून त्या बंधनातून या जुन्या कायद्याला मोकळे केले. अंजीर-सीताफळाच्या बागेचा मोबदला मालकाला मिळेल. बागेत रोजाने राबणाऱ्या बाईच्या नावे सात-बारा नाही. तिची मोजदाद कोणी करावयाची?

लोहगावचा तळ हवाई दलाचा, तेथे नागरी वाहतुकीची कुचंबणा होते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पुणेकरांची अडचण पुरंदरने निमूटपणे का सोसावी? खानवडी तर जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव! सरकारने आधी सातही गावांत ती तपासणी करावी, मजुरांची नोंद घ्यावी आणि मग ग्रामसभांना विचारावे. नकार आला तर तो मानण्याची तयारी ठेवून.