पावसाची बाकी

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा. सीतादही होऊन कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो आणि पारावर एकच हिशेब चाललेला असतो : यंदा पाऊस कसा झाला आणि पुढच्या साली कसा होईल. त्या हिशेबात एक वाक्य हमखास कानी पडते. "दोन साल कोरडे गेले भाऊ, तिसऱ्या सालाले त देव देईनच!"

वाक्य मोठे गोड आहे. त्यात श्रद्धा आहे, धीर आहे आणि शिवाय थोडे गणितही आहे. श्रद्धेच्या वाटेला जाण्याचा मला अधिकार नाही. पण गणित तपासून पाहायला हरकत नसावी. कारण ह्याच वाक्याच्या भरवशावर बियाणे उधार येते आणि कर्जाच्या कागदावर सह्या होतात. प्रश्न साधा आहे. पावसाला मागच्या सालाची आठवण असते काय?

हा प्रश्न कसा विचारावा हे रेडिओच्या इंजिनिअरांनी फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. जुन्या रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला, की एक अखंड खरखर ऐकू येते. जिनिंगच्या टिनांवर पाऊस कोसळू लागला की होणारा आवाजही पुष्कळसा त्याच जातीचा. ह्या जातीच्या आवाजाचे शुद्ध रूप म्हणजे 'व्हाइट नॉइज'. आपण त्याला पांढरा गोंगाट म्हणू. पांढऱ्या उजेडात जसे सगळे रंग असतात, तसे ह्या गोंगाटात खर्जापासून टिपेपर्यंतचे सगळे सूर सारख्याच जोराने असतात. म्हणून तो पांढरा.

पण शास्त्राला उपमा पुरत नाही, व्याख्या लागते. त्यासाठी खिशातले एक नाणे काढा. छापा पडला की +1 लिहा, काटा पडला की −1. असे शंभर वेळा करा. ही यादी म्हणजे घरगुती पांढरा गोंगाट. तिला तीन अटी लागू आहेत. पहिली, सरासरी शून्य. दुसरी, चढउतारांचा पसारा आरंभापासून अखेरपर्यंत तेवढाच. इथवर सोपे आहे. परंतु +1, −1, +1, −1 अशी कवायत करणारी यादीही ह्या दोन्ही अटी पाळते, आणि तिच्यातला पुढचा आकडा तर शाळेतले पोरही सांगेल! मूर्तिजापूर–यवतमाळ 'शकुंतला' धावत होती, तेव्हा रुळांच्या सांध्यांवरची तिची खडखड अशीच असे. चार ठोके ऐकले की पाचवा कधी येणार ते कळे. तो गोंगाट खरा, पण पांढरा नव्हे.

म्हणून तिसरी अट, आणि तीच महत्त्वाची. यादीच्या खाली तीच यादी एक घर सरकवून लिहा. वरखालचे आकडे गुणा आणि त्या गुणाकारांची सरासरी काढा. कवायतीच्या यादीत प्रत्येक गुणाकार −1 येतो, म्हणजे आठवण पुरेपूर आहे, फक्त उलटी. नाण्याच्या यादीत काही गुणाकार +1, काही −1, आणि सरासरी शून्याच्या आसपास. दोन घरे सरकवा, सात घरे सरकवा, तेच. मुळीच न सरकवता गुणलेत तर मात्र सरासरी पूर्ण 1, कारण प्रत्येक आकडा स्वतःशीच गुणला जातो. ह्या मापाला स्वसहसंबंध म्हणतात. त्याचा आलेख काढला, तर पांढऱ्या गोंगाटात शून्याच्या जागी एक उभा खांब दिसतो आणि दोन्ही अंगांना सपाट माळ. अमेरिकेच्या नॉर्बर्ट वीनर यांनी 1930 साली आणि रशियाच्या खिंचिन यांनी 1934 साली दाखवून दिले, की हा आलेख हाती असला तर त्यावरून सुरांचा वर्णपट काढता येतो. एकच खांब असेल तर वर्णपट सपाट निघतो. थोडक्यात, सगळे सूर सारखे असणे आणि मागचे काही न आठवणे, ही एकच गोष्ट दोन भाषांत सांगितलेली आहे.

आता पावसाकडे वळू. 1899–1900 च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाला. त्यानंतर, 1904 साली, हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती आले आणि 1924 पर्यंत राहिले. पावसाचा अंदाज आधी कसा सांगावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. यंदाचा आकडा म्हणजे मागच्या आकड्यांचा काही वाटा, अधिक एक अगदी ताजा धक्का, अशी मांडणी 1927 मध्ये यूल यांनी केली होती. ती 1931 मध्ये वॉकर यांनी पुढे नेली. आजही सिग्नलच्या शास्त्रात यूल–वॉकर समीकरणे शिकवतात. त्यातला ताजा धक्का म्हणजेच पांढरा गोंगाट. आठवणीचा वाटा काढून घेतल्यावर जे उरते, ते पांढरे निघाले तर समजावे, की सांगण्यासारखे सगळे सांगून झाले.

मग साऱ्या देशाच्या मोसमी पावसात आठवणीचा वाटा किती? पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1871 ते 1978 अशा 108 वर्षांचे आकडे तपासले आणि 1984 साली निष्कर्ष छापला. एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षात रेंगाळत नाही, असा तो होता. 108 आकड्यांच्या यादीत निव्वळ योगायोगानेही 0.19 पर्यंत स्वसहसंबंध सहज दिसू शकतो. त्यामुळे थोड्याशा आकड्याने हुरळून जाण्यात अर्थ नसतो.

कास्तकाराचा अनुभव खोटा आहे असे मात्र नव्हे. दिवसांना आठवण असते. झड लागली की आजच्या ओल्या दिवसामागून उद्याचा ओला दिवस येतो, आणि उघाड पडली की पडूनच राहते. घोटाळा होतो तो दिवसांचे शहाणपण सालांना लावण्यात. साल कोणाचे देणे लागत नाही. दोन कोरड्या सालांनंतरचे तिसरे साल कोऱ्या पाटीनेच येते.

"पण सरासरी तर शेवटी बरोबर होतेच ना?" होते. आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, शेतात दर साली नाणे उडते. छापा पडला तर दहा हजारांचा नफा, काटा पडला तर दहा हजारांची खोट. पंचवीस सालांनी दरसालची सरासरी शून्यापासून साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर राहील. दहा हजार भागिले पंचविसाचे वर्गमूळ. पण सावकाराच्या वहीत सरासरी लिहीत नाहीत, बेरीज लिहितात. ती ह्याच पंचवीस सालांत शून्यापासून साधारण पन्नास हजारांवर गेलेली असते. दहा हजार गुणिले तेच वर्गमूळ. सरासरी शून्याकडे येत असताना खाते शून्यापासून दूर जात असते. वर व्याज निराळेच. ज्यांची पहिली काही साले काट्याची निघाली, त्यांनी काय वाईट शेती केली होती?

पांढऱ्या यादीला स्वतःची आठवण नसली, तरी दुसऱ्या यादीवरून तिचा थोडा सुगावा लागू शकतो. वॉकर यांनी शोध घेतला तो असल्याच दूरच्या खुणांचा. प्रशांत महासागर तापला, एल निनो आला, की आपल्याकडे पाऊस तुटीचा होण्याचा संभव वाढतो. म्हणून हवामान खात्याचा अंदाज ऐकावा. मागच्या दोन सालांची साक्ष मात्र काढू नये.

शिवाय आठवण आभाळाला नसली, तरी जमिनीवर ती ठेवता येते. शेततळ्याला मागच्या पावसाची आठवण असते, विहिरीला असते, बांध घातलेल्या काळ्या मातीला असते. पऱ्हाटीच्या ओळींत तूर पेरणारा एकाच नाण्यावर सगळे लावत नाही. कर्ज काढताना म्हणूनच तिसऱ्या सालाच्या जमेत देवाकडची बाकी धरू नये. ती जागा कोरी ठेवून जो हिशेब जमेल, तेवढाच खरा.

पुढच्या साली यवतमाळात भरपूर पाऊस पडो, ही माझी दिवाळीची शुभेच्छा. मागचे देणे फेडण्यासाठी म्हणून नव्हे, आपला असाच!