विश्लेषण : वॉरहॅमरसारख्या गेमच्या मिनिएचर्सचा भाव खरंच टिकतो का? की ‘गुंतवणूक’ हे फक्त मनाचं समाधान?

उंची जेमतेम २८ ते ३२ मिलीमीटर. म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी जास्त. करड्या प्लास्टिकचे सुटे भाग एका चौकटीत जोडलेले येतात. ते कापायचे, चिकटवायचे आणि स्वतः रंगवायचे. मग टेबलावर मांडून, फासे टाकून लढाई खेळायची.

या प्लास्टिकच्या सैनिकांवर उभी असलेली ब्रिटनची गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये एफटीएसई १०० मध्ये जाऊन बसली. एफटीएसई १०० म्हणजे लंडन शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या १०० कंपन्यांची यादी. आपल्याकडच्या निफ्टीसारखीच समजा. त्याच महिन्यात ‘वॉरहॅमर ४०,०००’ या तिच्या गेमवर मालिका-सिनेमे बनवण्याचा ॲमेझॉनसोबतचा करार पुढे सरकला. त्यात ‘सुपरमॅन’फेम हेन्री कॅव्हिल कार्यकारी निर्माता आहे आणि तो स्वतः या गेमचा जुना चाहता आहे.

आणि मग सोशल मीडियावर ठरलेला प्रश्न सुरू झाला. ‘आत्ता घेऊन ठेवू का? मालिका आली की भाव दुप्पट होतील ना?’

छोटं उत्तर असं : बहुतेक मिनिएचर्सचा भाव टिकत नाही, थोड्यांचा टिकतो आणि अगदी मोजक्यांचा वाढतो. ते मोजके कोणते हे आधी ओळखणं फार अवघड असतं. आता मोठं उत्तर बघू.

आधी बाजार समजून घेऊ

गेम्स वर्कशॉपची सुरुवात १९७५ साली लंडनमध्ये झाली. आज तिचं मुख्यालय आणि कारखाना नॉटिंगहॅममध्ये आहे. वॉरहॅमर हा मूळ गेम १९८३ चा, तर अंतराळातल्या युद्धाचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा १९८७ चा. म्हणजे या छंदात आता चाळीस वर्षांपूर्वीचा मालही आहे आणि मागच्या आठवड्यात आलेला मालही.

जून २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीचं उत्पन्न ६० कोटी पौंडांच्या वर आणि करपूर्व नफा २६ कोटी पौंडांच्या वर गेला. हे आकडे सांगण्याचं कारण एवढंच, की ही कंपनी ‘दुर्मीळ वस्तू’ बनवत नाही. ती कारखान्यात, साच्यातून, प्रचंड प्रमाणात माल काढते. आणि साचा कंपनीकडेच राहतो. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्याभोवती फिरते.

‘संपला’ म्हणजे कायमचा संपला असं नाही

जुलै २०२० मध्ये वॉरहॅमर ४०,००० च्या नवव्या आवृत्तीचा ‘इंडोमिटस’ नावाचा बॉक्स आला. प्री-ऑर्डर सुरू झाल्यावर तो बघता बघता संपला. ज्यांनी तीन-तीन, चार-चार बॉक्स उचलले होते त्यांनी लगेच चढ्या भावाने ते विकायला काढले. पण कंपनीने जाहीर केलं की ज्यांना हवा आहे त्यांनी ऑर्डर नोंदवावी, आम्ही तेवढे बॉक्स बनवून देऊ. साठा करून बसलेल्यांचं गणित तिथेच बिघडलं.

२०२१ मध्ये ‘कर्स्ड सिटी’ या बॉक्सबाबतही तसंच झालं. आधी तो एकदम गायब झाला, चाहते चिडले, भाव चढला. नंतर कंपनीने तो परत बाजारात आणला. ‘स्पेस हल्क’ची २००९ ची आवृत्ती मर्यादित होती, पण २०१४ मध्ये तो गेम पुन्हा आलाच.

सर्वात मोठं उदाहरण ‘ओल्ड वर्ल्ड’चं आहे. २०१५ मध्ये कंपनीने मूळ वॉरहॅमर गेम बंद करून त्या जागी ‘एज ऑफ सिग्मार’ आणला. त्यानंतर ब्रेटोनिया, टूम्ब किंग्ज अशा काही जुन्या सैन्यांची विक्री थांबली. ‘आता हे कधीच मिळणार नाही’ या समजुतीवर जुन्या मालाचे भाव वाढत गेले. आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने ‘ओल्ड वर्ल्ड’ नावाने तो गेम पुन्हा सुरू केला. पहिले मोठे बॉक्स कोणाचे होते? ब्रेटोनिया आणि टूम्ब किंग्जचेच. त्यात अनेक जुनेच साचे पुन्हा वापरले होते. ज्या मालाची किंमत फक्त ‘मिळत नाही’ यावर उभी होती, तिचा पायाच निघाला.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. गेम पुन्हा सुरू झाल्याने, जो माल परत छापला गेला नाही त्याला नवे गिऱ्हाईक मिळाले. म्हणजे एकाच निर्णयाने काहींचा माल उतरला, काहींचा चढला. पण निर्णय कोणाचा? कंपनीचा. कपाट भरून बसलेल्या संग्राहकाच्या हातात काहीच नव्हतं.

मग पत्त्यांचा भाव कसा टिकतो?

इथे कोणीतरी ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या गेमचं उदाहरण देतं. त्यातले जुने पत्ते खरंच लाखो रुपयांना जातात. पण त्यामागे एक ठोस कारण आहे. १९९५ मध्ये कंपनीने जुने पत्ते पुन्हा छापले, तेव्हा संग्राहक भडकले. त्यामुळे १९९६ मध्ये कंपनीने ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ जाहीर केली. या यादीतले पत्ते पुन्हा छापणार नाही असं वचनच दिलं.

मिनिएचर्सच्या जगात असं वचन नाही. उलट जुनी मॉडेल्स मागणीनुसार थोड्या काळासाठी पुन्हा बनवून देण्याची योजना गेम्स वर्कशॉप स्वतःच चालवते.

भाव खाली खेचणाऱ्या आणखी चार गोष्टी

पहिली, नवी आवृत्ती. वॉरहॅमर ४०,००० ची आठवी आवृत्ती २०१७ ला, नववी २०२० ला, दहावी २०२३ ला आली. दर तीन वर्षांनी नियम बदलतात. काल जो सैनिक मैदान गाजवत होता तो आज निरुपयोगी ठरू शकतो, आणि मग त्याचं गिऱ्हाईकही पातळ होतं.

दुसरी, नवं मॉडेल. ‘सिस्टर्स ऑफ बॅटल’ हे सैन्य वर्षानुवर्षं धातूमध्येच मिळायचं आणि चांगलंच महाग पडायचं. २०१९-२० मध्ये त्याची नवी प्लास्टिक मॉडेल्स आली. २०१७ मध्ये ‘प्रायमॅरिस’ नावाचे उंच स्पेस मरीन आल्यावर जुने स्पेस मरीन त्यांच्या शेजारी खुजे दिसू लागले. खेळण्यासाठी घेणारा माणूस साहजिकच नव्याकडे वळतो.

तिसरी, रंग. हे अनेकांना पटत नाही. शंभर तास खपून रंगवलेलं मॉडेल न उघडलेल्या बॉक्सपेक्षा स्वस्त जाऊ शकतं. कारण घेणाऱ्याला ते त्याच्या सैन्याच्या रंगात हवं असतं, म्हणजे त्याला आधी तुमचा रंग उतरवावा लागतो. अपवाद खरोखर वरच्या दर्जाच्या चित्रकारांचा. ‘गोल्डन डेमन’ ही मिनिएचर रंगवण्याची स्पर्धा १९८७ पासून चालू आहे. तिथे बक्षीस मिळवणाऱ्यांच्या कामाला वेगळा भाव असतो. पण तो भाव कलाकाराच्या हाताला असतो, प्लास्टिकला नाही.

चौथी, थ्रीडी प्रिंटर. रेझिनचे घरगुती प्रिंटर आता इतके बारीक काम करतात की हुबेहूब दिसणारी मॉडेल्स घरी निघतात. गेम्स वर्कशॉपच्या अधिकृत स्पर्धांमध्ये ती चालत नाहीत. पण मित्राच्या घरी टेबलावर खेळताना कोण तपासतं? शिवाय जुन्या मॉडेलची साचा काढून बनवलेली नक्कलही फिरते. त्यामुळे महागडं जुनं मॉडेल घेताना ‘हे अस्सल आहे का’ हा प्रश्न आलाच, आणि संशय आला की भाव पडतो.

कपाटातच खराब होणारा माल

ज्यांचा भाव टिकतो त्यात १९८० च्या दशकातल्या आणि १९९० च्या सुरुवातीच्या धातूच्या मिनिएचर्स येतात. त्या मर्यादित बनल्या, त्यातल्या कित्येक हरवल्या-मोडल्या आणि ज्यांनी लहानपणी त्या दुकानात बघितल्या ते आता कमावते झालेत.

पण या जुन्या मालात शिसं असायचं. आरोग्याच्या चिंतेमुळे १९९० च्या दशकात उत्पादक शिसं सोडून दुसऱ्या मिश्रधातूंकडे वळले. शिशाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे लाकडी कपाट. काही लाकडांमधून, विशेषतः ओकमधून, ॲसिटिक ॲसिडची वाफ निघत राहते. बंद कपाटात ती साठते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. संग्राहक याला ‘लेड रॉट’ म्हणतात. एकदा लागलं की बारीक नक्षी खाऊन टाकतं. ती भुकटी विषारीही असते, त्यामुळे असा माल हाताळल्यावर हात धुवायचे आणि लहान मुलांपासून तो लांब ठेवायचा.

म्हणजे ‘जपून ठेवला’ असं वाटत असतानाच माल कपाटात मरत असू शकतो.

गेमच बंद पडला तर?

डिस्नेने २०१३ मध्ये ‘डिस्ने इन्फिनिटी’ आणला. बाहुली पॅडवर ठेवली की ती व्हिडीओ गेममध्ये येते, अशी ती कल्पना होती. मे २०१६ मध्ये कंपनीने तो बंद केल्याचं जाहीर केलं आणि दुकानांनी उरलेल्या बाहुल्या मिळेल त्या भावाला काढल्या. ‘स्टार वॉर्स : एक्स-विंग’ या २०१२ पासून चाललेल्या गेमचा विकासही जून २०२४ मध्ये थांबवण्यात आला.

मिनिएचरचा भाव शेवटी खेळणाऱ्यांच्या संख्येवर उभा असतो. खेळणारे टिकले तर बंद झालेल्या मालालाही किंमत राहते. ते पांगले तर ‘दुर्मीळ’ वस्तू घ्यायला कोणी उरत नाही. दुर्मीळ असणं आणि मागणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लबुबूचंही तेच. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी लबुबू १०.८ लाख युआनला गेली, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. पण पॉप मार्ट कंपनीने पुरवठा वाढवला तसे साध्या लबुबूंचे पुनर्विक्रीचे भाव खाली आले. आणि २०२३ मध्ये फन्को कंपनीने गोदामात पडून राहिलेला ३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचा माल नष्ट करणार असल्याचं सांगितलं होतं.

एकदा हिशेब करूनच बघू

समजा तुम्ही १०,००० रुपयांचा बॉक्स घेतला आणि न उघडता दहा वर्षं ठेवला. तो १५,००० ला विकला गेला. ‘दीडपट झाले!’ असं वाटतं. आता विक्रीच्या साइटचं कमिशन, पॅकिंग आणि कुरिअर मिळून २,००० गेले असं धरा. हातात आले १३,०००. म्हणजे वर्षाला साधारण २.७ टक्के. तेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या एफडीत असते तर करापूर्वी १८,७०० च्या वर झाले असते. महागाई तर अजून मोजलीच नाही.

हा आकडा काल्पनिक आहे, पण व्हिडीओत नेमका हाच हिशेब गाळला जातो. तिथे फक्त ‘घेतला इतक्याला, विकला इतक्याला’ असतं. न विकल्या गेलेल्या नव्वद बॉक्सचा व्हिडीओ कोणी बनवत नाही.

भारतात आणखी एक पदर आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. बाहेरून मागवलेलं पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर खरेदीच महाग पडते. परदेशातला गिऱ्हाईक तुमचं शुल्क भरून देणार नाही. इथल्या गिऱ्हाइकालाही नवा माल तेवढाच महाग पडतो, म्हणून इथे वापरलेला माल बऱ्या भावात जाऊ शकतो. पण इथे गिऱ्हाईकच थोडे आहेत, त्यामुळे विकायला वेळ लागतो. पैशाची गरज अचानक पडली तर ते सैन्य त्या आठवड्यात विकलं जाईल याची खात्री नाही.

मग घ्यायचं की नाही?

खेळायचं असेल, रंगवायला आवडत असेल तर जरूर घ्या. बंद करताना अर्धे पैसे परत आले तरी तो स्वस्त छंद ठरतो. क्रिकेटच्या बॅटचे किंवा सिनेमाच्या तिकिटाचे किती परत येतात?

भाव जपायचाच असेल तर काही गोष्टी पाळा. न उघडलेला बॉक्स, मूळ चौकट, पुस्तिका, डिकल सगळं एकत्र ठेवा. जुनी धातूची मॉडेल्स लाकडी कपाटात कोंडू नका. आणि किंमत बघताना विक्रेता काय मागतोय ते बघू नका, प्रत्यक्षात विक्री कितीला झाली ते बघा. ईबेसारख्या साइटवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ वेगळ्या पाहता येतात. कोणाच्या घरात असा संग्रह मागे राहिला असेल तर तो भंगारात किंवा एकगठ्ठा देण्याआधी निदान एवढं तरी तपासा, कारण त्या मोजक्या मौल्यवान मूर्ती नेमक्या अशाच डब्यात सापडतात.

पण कर्ज काढून, क्रेडिट कार्ड घासून, ‘मालिका आली की विकू’ म्हणून घेऊ नका. मालिकेमुळे मागणी वाढली तर सर्वात आधी साचे गरम होतील ते नॉटिंगहॅमच्या कारखान्यात.

जाता जाता एक गंमत. २०१६ च्या सुरुवातीला गेम्स वर्कशॉपचा एक शेअर ५ पौंडांच्या आसपास मिळत होता. २०२४ च्या अखेरीस तो १०० पौंडांच्या पुढे होता. मागे वळून बघताना हे सोपं वाटतं, आणि हा काही शेअर घेण्याचा सल्ला नाही. पण या सगळ्या खेळात पैसा कोणाकडे साठला हे त्यातून कळतं. सैनिक घेणाऱ्यांपेक्षा तो साचा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जास्त साठला.