श्वासाचा प्रयोग आणि प्रश्न विचारण्याचा हक्क

गुलमंडीतल्या एका कापड दुकानात काम करणाऱ्या तरुण मित्राने परवा मला मोबाइल दाखवला. त्याच्या अब्बांना फुप्फुसाचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. ‘कमी ऑक्सिजनमध्ये श्वास घ्या, गाठ विरघळेल,’ असा संदेश कुणीतरी पाठवला होता. “भाई, करून बघू का?” मी म्हणालो, आधी डॉक्टरांना विचार.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. यंत्राने तो काही मिनिटे कमी करायचा, मग पुन्हा नेहमीची हवा द्यायची, ही पद्धत संशोधनाचा विषय आहे. पण गाठीच्या आत ऑक्सिजन बहुधा आधीच कमी असतो आणि अशा पेशींवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो. पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले. कर्करोगही तीच यंत्रणा वापरतो. म्हणजे हा प्रयोग रुग्णाला मदत करील की गाठीला, हे शिस्तशीर चाचणीच सांगेल.

अशी चाचणी आपल्याच राज्यात झाली आहे. ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात गेफिटिनिबच्या गोळीला केमोची जोड द्यावी का, हे मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांवर तपासले. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ वरून १६ महिन्यांवर गेला. गंभीर दुष्परिणामही २५ वरून ५१ टक्क्यांवर गेले. फायदा आणि किंमत दोन्ही मोजली, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

आपल्या मोहल्ल्यात दोन टोके दिसतात. कुणी ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून रुग्णालयच टाळतो, कुणी न वाचता अंगठा देतो. दोन्हीत नुकसान आपलेच. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत: समजेल अशा भाषेत माहिती, लेखी संमती, नीतिशास्त्र समितीची मान्यता, इजा झाल्यास उपचार आणि भरपाई. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते. श्वासाच्या यंत्रालाही हीच कसोटी लावा. चाचणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले, तर तिथेच थांबा.

आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. शिकलेल्या मुलामुलींनी तिथे मोहल्ल्यातल्या रुग्णांसोबत जावे, कागद वाचून दाखवावा, प्रश्न विचारावेत. दुआ घरचे करतीलच. दवा नीट समजून घेणे ही आपली जबाबदारी आहे.